मॅटलॅबचा कोड क्लस्टरवर, लायसन्सच्या भानगडीशिवाय

प्रश्न: माझं सिम्युलेशन मॅटलॅबमधे (गणिती कामाचं, लायसन्स लागणारं सॉफ्टवेअर) आहे. क्लस्टरवर (जोडलेल्या अनेक कॉम्प्युटरवर) जॉब ॲरे करून, म्हणजे एकच प्रोग्रॅम वेगवेगळ्या नंबरांनी, २०० रन एकदम सोडले की थोडे चालतात आणि बाकीचे लायसन्स मिळालं नाही म्हणून मरतात. गाईड म्हणतात कम्पाईल करून टाक. नेमकं काय करायचं, आणि कोड फास्टपण होईल का?

उत्तर: गाईडचं बरोबर आहे, पण फास्ट होण्याची आशा सोडा. मॅटलॅब कम्पायलर तुमच्या कोडचा मशीन कोड करत नाही, एम फाईल्स (मॅटलॅब कोडच्या फाईल्स) एन्क्रिप्ट करून एकत्र बांधतो आणि पुढे मॅटलॅब रनटाईम त्या चालवतो, म्हणजे आतलं इंजिन तेच. (सी कोड बनवणारा मॅटलॅब कोडर ही वेगळी गोष्ट, यात बरेच जण गोंधळतात.) फायदा लायसन्सचा. ते फक्त कम्पाईल करताना लागतं, रनटाईम फुकट आहे, मग २०० काय नि २००० काय.

कम्पाईल एमसीसी (mcc) या मॅटलॅब कम्पायलरच्या कमांडने होतं, पण लिनक्सवरच करा, विंडोजवर बनवलेला प्रोग्रॅम लिनक्स क्लस्टरवर चालत नाही. आणि मॅटलॅबच्या आर२०२२बी व्हर्जनवर केलं असेल तर रनटाईमही आर२०२२बी चाच पाहिजे, नुसता नवीन असून भागत नाही.

आता खरी डोकेदुखी. कमांड लाईनवरून दिलेलं सगळं टेक्स्ट म्हणून पोचतं. तुम्ही ५ दिला आणि फंक्शनमधे त्यात १ मिळवला तर ६ नाही, ५४ येतात, कारण ५ या अक्षराचा कोड ५३, आणि एरर काहीच येत नाही! म्हणून आत शिरल्या शिरल्या आकड्यात बदलून घ्या. दुसरं म्हणजे रँडम नंबर. प्रत्येक रन त्याच डिफॉल्ट सीडने (रँडम सिरीज जिथून सुरू होते तो आकडा) सुरू होतो, म्हणजे २०० रनमधे तीच ती रँडम सिरीज, वर तुम्ही ॲव्हरेज काढून एरर बार किती छान बारीक आलाय म्हणून खूश. स्लर्मचा (क्लस्टरवर जॉब वाटणारा प्रोग्रॅम) टास्क नंबर आर्ग्युमेंट म्हणून द्या आणि त्यावरून सीड सेट करा.

प्रोग्रॅम सुरू होताना स्वतःला एका कॅश फोल्डरमधे उलगडतो, ते होम डिरेक्टरीत असेल तर शेकडो जॉब एकाच जागी धडपडतात आणि काही उगाचच क्रॅश होतात. एमसीआर कॅश रूट (MCR_CACHE_ROOT) हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल जॉबच्या टेम्प फोल्डरकडे वळवा. प्रत्येक जॉबला एकच कोअर मागितला असेल तर कम्पाईल करतानाच सिंगल थ्रेडचा ऑप्शन टाका. आणि फंक्शनचं नाव स्ट्रिंगमधे बनवून कॉल करत असाल तर एमसीसीला ते दिसत नाही, ती फाईल हाताने ॲड करावी लागते.

प्रश्न: पायथनचा प्रोग्रॅम पायइन्स्टॉलरने एका फाईलमधे बांधला, माझ्या लॅपटॉपवर मस्त चालतो पण क्लस्टरवर जीलिबसीचं (glibc, लिनक्सची मूळ सी लायब्ररी) व्हर्जन सापडत नाही म्हणतो.

उत्तर: पायइन्स्टॉलर जीलिबसी सोबत बांधत नाही, ती मशीनवरचीच वापरतो. तुमच्या लॅपटॉपचं लिनक्स नवीन, क्लस्टरचं जुनं, आणि नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालेलच असं नाही, उलटं सहसा चालतं. क्लस्टरवरच बांधा, किंवा तिथे ॲपटेनर (कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम) असेल तर सरळ कंटेनर करा, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी एकाच डब्यात बांधा.