ऑफिसातल्या मानदुखी-पाठदुखीवर बिहेविअर बेस्ड सेफ्टीचा उपयोग होतो का?

बेळगावातल्या तुमच्या पतसंस्थेत नव्या फिरत्या खुर्च्या आणल्या, तरी संध्याकाळपर्यंत निम्म्या लोकांची मान-पाठ धरतेच, आणि कारखान्यातली बिहेविअर बेस्ड सेफ्टी, म्हणजे कामाच्या सवयी एकमेकांनी बघून, मोजून सुधारण्याची पद्धत, तिथे चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालते. मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत सेफ्टीचं काम बघतो. गॉगल-हातमोज्यांसाठी खाली शॉपमध्ये सुरू केलेली पद्धत आम्ही वरच्या ऑफिसातही नेली. फक्त माणूस वाकडा बसलेला दिसला की तिथेच थांबू नका. तो तसा का बसलाय, हे त्यालाच विचारा. बहुतेक वेळा कारण त्याच्या टेबलावरच सापडतं.

आमच्या डिस्पॅचचा मुलगा फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून बोलायचा. ट्रान्सपोर्टवाला गाडीचा नंबर सांगणार, हा एका हाताने लिहून घेणार आणि दुसऱ्या हाताने कॉम्प्युटरवर चलन काढणार. त्याला ‘मान सरळ ठेव’ म्हणून काय होणार? हेडसेट दिला, प्रश्न मिटला. अकाउंट्सच्या मॅडमचं दुखणं जरा गुंतागुंतीचं होतं. व्हाउचरची फाइल डाव्या हाताला आडवी पसरलेली, आणि स्क्रीन उजव्या कोपऱ्यात, कारण वायर तेवढीच पोचायची. म्हणजे दर एंट्रीला मान आधी खाली डावीकडे, मग वर उजवीकडे. त्यात टेबल उंच. खुर्ची टेबलाच्या मापाने वर घेतली की पाय लोंबकळायचे, म्हणून त्या खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसायच्या आणि पाठीमागचा टेका दिवसभर रिकामा. आमच्या पॅटर्न शॉपच्या सुताराने उरलेल्या लाकडातून पाय ठेवायला तिरपी फळी आणि फाइल उभी राहील असा स्टँड करून दिला. एक्स्टेंशन बोर्ड लावून स्क्रीन समोर घेतली, तिच्या शेजारीच फाइलचा स्टँड. मॅडम आपोआप मागे टेकून बसू लागल्या, कुणी सांगावं लागलं नाही.

म्हणून निरीक्षणाचं कार्ड, म्हणजे काय बघायचं त्याची खुणा करायची यादी, करताना शेवटी ‘का?’ असा एक रकाना ठेवाच. बाकी पाच-सहा गोष्टी पुरेत, पण डोळ्यांना दिसतील अशाच. पाठ टेकलेली आहे का, पावलं जमिनीवर किंवा फळीवर आहेत का, खांदे सैल आणि कोपर साधारण काटकोनात आहेत का, मनगट सरळ आहे का, स्क्रीन समोर हातभर अंतरावर आणि तिची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा थोडी खाली आहे का. ‘नीट बसतो’ असं लिहू नका, दोघांनी बघितलं तर दोघांची खूण एकच यायला हवी. बायफोकल चष्मा असेल तर स्क्रीन आणखी खाली घ्या, नाहीतर माणूस हनुवटी वर करून वाचत बसतो. लॅपटॉपवर दिवसभर काम असेल तर तो उंचावर ठेवून कीबोर्ड आणि माउस वेगळा द्या. कार्ड मराठी आणि कन्नड दोन्हीत छापा, आणि त्यावर नाव लिहायला जागाच ठेवू नका.

बरोबर खुणा भागिले एकूण खुणा, एवढाच हिशोब. तो टक्का तक्त्यावर सगळ्यांना दिसेल असा लावा. १९७८ साली जुडिथ कोमाकी या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका बेकरी कारखान्यात हेच केलं होतं. एका विभागात सुरक्षित काम ७० टक्क्यांवरून जवळपास ९६ टक्क्यांवर गेलं, आणि आलेख दाखवणं थांबवल्यावर पुन्हा खाली आलं. तेव्हा महिनाभर उत्साहाने करून सोडून देणार असाल तर सुरू करू नका.

कार्ड एकाच माणसाकडे देऊ नका, सगळ्यांकडे फिरू द्या. दुसऱ्याचं बसणं तपासणाऱ्याचं स्वतःचं बसणंही सुधारतं, हे अल्वेरो आणि ऑस्टिन या संशोधकांनी २००४ मध्ये ऑफिससारख्या कामांवरच प्रयोग करून दाखवलंय. मला या पद्धतीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

तुमच्या चेअरमनना हे इन्क्रिमेंटला जोडायचंय, असंही तुम्ही लिहिलंय. कृपा करून त्यांना थांबवा. कारखान्यांमध्ये ही पद्धत बदनाम झाली ती अशानेच. यंत्र सदोष आणि दोष कामगाराच्या माथी, म्हणून युनियन चिडतात, आणि ते रास्तच आहे. पगार अडकला की कार्ड हातात घेतलेला माणूस दिसेपर्यंत सगळे वाकलेले आणि दिसला की ताठ, मग त्या टक्क्याला काही अर्थ राहत नाही.

कितीही छान बसलं तरी तीन-तीन तास तसंच बसणं वाईटच, म्हणून ‘अर्ध्या तासात एकदा उठला का’ हेही कार्डात घाला. इथे तुमची खरी अडचण येईल. संध्याकाळी पिग्मी एजंट भरणा घेऊन आले की कॅशिअरला हलता येत नाही. त्या वेळेपुरता काउंटरला दुसरा माणूस द्यावा लागेल, त्याला नुसतं ‘ऊठ’ सांगून भागणार नाही.

आणि कुणी बोटांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होऊन जाग येते, किंवा कळ खांद्यापासून हातात उतरते असं सांगितलं, तर कार्ड बाजूला ठेवा. त्यांना डॉक्टरांकडे पाठवा आणि तोवर टायपिंगचं काम दुसऱ्याकडे द्या.