पन्नास एमएम १.८ची स्वस्त, प्लास्टिकची लेन्स हातातून पडली तर टिकते का? की पैसे साठवून धातूच्या बांध्याची महागडी घ्यावी?

टिकते. आणि नाही टिकली तर निदान तसं तोंडावर सांगते. महागडी सांगत नाही. त्या न सांगण्यापायी माझे तीन हजार गेलेत, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

२०१३ सालची जोतिबाची चैत्र यात्रा. मी तेव्हा कोल्हापुरात एका स्टुडिओत हाताखाली होतो, सुट्टी मिळाली की स्वतःसाठी फोटो काढायचो. डोंगरावर सासनकाठ्या नाचत होत्या, गुलालानं समोरचं दिसत नव्हतं आणि मी शहाण्यासारखा त्याच गर्दीत उभ्या-उभ्या लेन्स बदलत होतो. टोपण दातात, बॅग गुडघ्यावर. पन्नास सटकली, दगडी पायऱ्यांवरून तीनदा उडाली आणि दोन तुकडे. पुढची काच एकीकडं, माउंट (कॅमेऱ्यात अडकणारी मागची कडी) दुसरीकडं. एका आजोबांनी दोन्ही भाग उचलून माझ्या ओंजळीत ठेवले आणि म्हणाले, "पोरा, देवाला नारळ फोडलास म्हणायचं."

ती जुनी पन्नास कुणी वापरली असेल तर हसत असेल. कॅननची ती दुसरी आवृत्ती १९९०ची, वजन १३० ग्रॅम, माउंटसुद्धा प्लास्टिकचं. जोराचा मार लागला की मधल्या प्लास्टिकच्या खाचांतून ती सुटते, हे फोटोवाल्यांत जगजाहीर आहे. घरी येऊन ब्रशनं गुलाल झटकला, खाचा जुळवल्या, दाबलं. टक्. ऑटोफोकस आधीसारखाच कुरकुरत चालू. आजही तिच्यात गुलालाचे चार-पाच कण आहेत. उजेडात धरली तर दिसतात, फोटोत येत नाहीत.

सोमवारी कौतुकानं मालकांना दाखवली. "खेळणं घेतल्यावर असंच व्हायचं. लेन्स म्हणजे ही," असं म्हणून त्यांनी स्वतःची २४-७० झूम हातात दिली. जवळजवळ किलोभर वजन. हातात घेतली की चहाची किटली धरल्यासारखं वाटायचं.

तीच झूम मे महिन्यात एका कार्यालयात टेबलावरून फरशीवर पडली. बॅगेची चेन मालकांनीच उघडी ठेवलेली. उचलली, शर्टाला पुसली, फिल्टरच्या कडेला एक पोचा, बाकी ओरखडा नाही. "बघ, काही झालं नाही. धातू आहे." पुढच्या लग्नात ग्रुप फोटो मी काढले, त्याच झुमेनं. अल्बमला लावताना कळलं, प्रत्येक आडव्या फोटोत डावीकडची माणसं धूसर. नवऱ्या मुलाचे मामा तर सगळीकडं वितळलेले. गिऱ्हाइकानं शेवटचा हप्ता अडवला, मालकांनी माझ्या पगारातून तीन हजार कापले. "तुझा हात हालला."

अहो, हात हालला तर सगळंच हालतं. फक्त मामाच कसे हालतील?

मग मी भिंतीला 'पुढारी'ची पानं चिकटवली, कॅमेरा ट्रायपॉडवर समोरासमोर लावला, अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) पूर्ण उघडं ठेवलं. डावीकडची अक्षरं गेलेली. मालक म्हणाले, पेपर वाकडा लावलास. म्हणून कॅमेरा उलटा करून परत काढला. आता पेपरची उजवी बाजू गेली. म्हणजे दोष लेन्सबरोबर फिरतोय, पेपरचा संबंध नाही. त्यावर मालकांचं उत्तर: "कॅमेरा उलटा धरून फोटो कोण काढतंय?" विषय संपला. पैसे गेले.

यात जादू काही नाही. सारख्याच उंचीवरून पडताना किलोभराची लेन्स १३० ग्रॅमच्या लेन्सपेक्षा सातपट जोरानं आदळते. कवच धातूचं असलं तरी आत काचा सरकवणारे बारीक रोलर बऱ्याच झुमांत प्लास्टिकचेच असतात. एक जरी चेपला तरी काचेचा एक गट केसाएवढा तिरका होतो आणि फोटोची एक बाजू धूसर पडते. बाहेरून झकास. माउंटचंही तसंच आहे. लेन्स लावलेला कॅमेरा पडला तर प्लास्टिकचं माउंट तुटून बॉडी वाचू शकते. धातूचं तुटत नाही, मग तो मार बॉडीच्या स्क्रूंवर जातो.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर कॅननचा डीएसएलआर (आत आरसा असलेला) कॅमेरा असेल तर २०१५ला आलेली पन्नास एसटीएम, म्हणजे याच लेन्सची नवी आवृत्ती घ्या. माउंट धातूचं, वजन १६० ग्रॅम, जवळचा फोकस ३५ सेंटीमीटरपर्यंत. उरलेल्या पैशांत हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारं कडं) घ्या. यूव्ही फिल्टर लावून लेन्स वाचते म्हणणारे दुकानदार फिल्टर विकत असतात. पडल्यावर फिल्टरची काच फुटून तिचेच तुकडे पुढच्या काचेवर घासतात आणि चेपलेली रिंग निघता निघत नाही. हूड मार खातो, वाकतो, नवा मिळतो. सेकंडहँड घेणार असाल तर पेपर आणि चिकटपट्टी बरोबर न्या. विकणारा चिडला तर समजून जा.

हो, एसटीएमची एक खोड आहे. फोकस करताना तिची आतली नळी बाहेर येते आणि कॅमेरा बंद असताना हातानं आत जात नाही. ती बाहेर असताना तोंडावर पडली तर मार थेट फोकसच्या यंत्रणेला, आणि तिथं टक् करून काही जुळत नाही. यात्रेत वगैरे नेणार असाल तर समुद्रकिनाऱ्यासारखीच काळजी घ्या, आणि लेन्स बदलायची तर बाजूला जाऊन, बसून. माझी वाचली म्हणून तुमची वाचेलच असं नाही. दोन मित्रांच्या तशाच पन्नास पडल्यावर परत फोकसच झाल्या नाहीत, हेही सांगायला पाहिजे.

मालक आता असलं काही वाचत नाहीत. पण स्टुडिओ त्यांचा मुलगा बघतो आणि तो इथं असतो. भावा, ती झूम अजून कपाटात असेल तर एकदा पेपर लावून बघ. तीन हजार नकोत. फक्त कुठली बाजू जाते ते खाली लिही.