बेळगावसारख्या ठिकाणी रोजच्या कामात बिझनेस अ‍ॅनालिटिक्स आणि स्टॅटिस्टिकल सॉफ्टवेअर खरंच वापरतात का? नेमकं काय शिकावं?

तुम्ही लिहिलंय की निपाणीत एमकॉम झालं, बेळगावात नोकरी बघताय, क्लासवाल्यानं बिझनेस अ‍ॅनालिटिक्सच्या कोर्सची दणदणीत फी सांगितलीय आणि घरचे म्हणतात, ‘हे सगळं बेंगळुरात चालतं, इथं कोण विचारतंय?’ मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका ओतकामाच्या कारखान्यात क्वालिटी आणि एमआयएस (साहेबांना लागणारे आकड्यांचे रिपोर्ट) दोन्ही बघतो. घरच्यांचं म्हणणं निम्मंच खरं. वापरतात, रोज वापरतात. फक्त जाहिरातीत रंगीत डॅशबोर्ड दाखवतात तसं नव्हे.

दिवसाचा सगळ्यात मोठा वाटा जातो तो डेटा निस्तरण्यात. भट्टीवरची वही कन्नडमध्ये, मशीन शॉपची मराठीत, अकाउंट्सची टॅली इंग्रजीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये शहराचं सरकारी नाव बदललं, तेव्हापासून पत्त्यात एकाच गावाची स्पेलिंगं तीन-चार तऱ्हांनी येतात. पार्टीच्या नावाचंही तेच. एकीकडं ‘इंडस्ट्रीज’, दुसरीकडं ‘इंड.’, तिसरीकडं नावाच्या शेवटी डोळ्याला न दिसणारी एक स्पेस. व्हीलुकअप, म्हणजे दोन याद्या जुळवणारा एक्सेलचा फॉर्म्युला, लावला की निम्म्या ओळींत एरर!

म्हणून नावावर जुळवायला जाऊच नका, जीएसटी नंबर धरा. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंत पॅन. आपल्याकडं एकाच कंपनीची एक शेड उद्यमबागेत आणि दुसरी शिनोळीला, म्हणजे चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात असं सर्रास असतं. अशांचे जीएसटी नंबर दोन, पॅन एकच. एक्सेलच्या मिड फंक्शननं मधली दहा अक्षरं उचलली आणि पिव्हट टेबल (गटवार बेरजांचा तक्ता) मारलं की त्या पार्टीकडून एकूण येणं किती ते एका ओळीत दिसतं. सीमाप्रश्न कोर्टात असेल तो असेल, एक्सेलमध्ये तो असा सुटतो.

दुसरं दुखणं तारखांचं. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर, अशी असली तर ५ जुलैची तारीख गुपचूप ७ मे होऊन बसते. बारा तारखेपर्यंतच्या तारखा अशा उलटतात, तेरापासून पुढच्या नुसत्या मजकूर म्हणून डावीकडं चिकटून राहतात. महिन्याचा ट्रेंड विचित्र दिसला की मी आधी तारखांचा कॉलम बघतो, मग बाकीचं. हे रोज हातानं करायचं नसेल तर पॉवर क्वेरी, म्हणजे एक्सेलमधली डेटा साफ करायची सोय, शिका. एक्सेल २०१६ पासून ती आतच असते. साफसफाईच्या पायऱ्या एकदा बसवल्या की पुढं नुसतं रिफ्रेश.

आता स्टॅटिस्टिक्स. त्याचा खरा उपयोग सकाळच्या मीटिंगला होतो. समजा सोमवारी रिजेक्शन, म्हणजे नापास झालेला माल, सहा टक्के, मंगळवारी आठ. लगेच साहेबांचा प्रश्न: ‘दोन टक्के वाढलं कसं? कोण होतं शिफ्टला?’ मग साचे करणारा मोल्डर साच्याच्या वाळूवर ढकलतो, वाळूवाला भट्टीवर. तुम्ही अशा वेळी शांतपणे हिशेब करायचा. रोजचे ४०० कास्टिंग (ओतलेले नग), रिजेक्शनची नेहमीची सरासरी पाच टक्के. ०.०५ गुणिले ०.९५, भागिले ४००, त्याचं वर्गमूळ आणि त्याची तिप्पट. येतात सुमारे ३.३ टक्के. म्हणजे पाचाच्या खाली-वर तेवढं, पावणेदोन ते सव्वाआठ टक्क्यांपर्यंत, रोजचा चढउतार काहीही वेगळं न घडताही होऊ शकतो. सहाही त्यात, आठही त्यात. एवढ्यावरून कुणाला धारेवर धरण्यात अर्थ नाही. दहा टक्के आलं असतं तर मात्र चहा ठेवून भट्टीवर पळायचं. या दोन मर्यादांच्या रेघा मारून रोजचे आकडे त्यावर मांडले की त्यालाच कंट्रोल चार्ट म्हणतात. वॉल्टर शूहार्टनं तो १९२४ मध्ये अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये मांडला. मिनिटॅब या स्टॅटिस्टिक्सच्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन क्लिकचं काम, ‘आर’ या फुकट सॉफ्टवेअरमध्ये क्यूसीसी नावाचं पॅकेज फुकट, आणि साध्या एक्सेलमध्येही जमतं.

अर्थात सॉफ्टवेअर चित्र दाखवतं, कारण सांगत नाही. पावसाळ्यात ब्लो होलचं, म्हणजे कास्टिंगमधल्या पोकळ्यांचं, प्रमाण वाढतं. वाळूत ओल जास्त झाली की गरम धातूनं तिची वाफ होते आणि ती कास्टिंगमध्ये अडकते, हे खरंच. ओलीचे आकडे आणि रिजेक्शन यांचा स्कॅटर प्लॉट (ठिपक्यांचा आलेख) काढला तर ठिपके छान तिरके चढताना दिसतील. पण त्याच दिवसांत पश्चिम भागातल्या गावांत रोप लावणी असते. नेहमीचे मोल्डर रजेवर, त्यांच्या जागी बदली गडी. मग दोष ओलीचा की नवख्या हाताचा? मोल्डरप्रमाणे डेटा वेगळा केल्याशिवाय ते कळत नाही, आणि तो कॉलम वहीत असला तरच वेगळा करता येतो. बाहेरून आलेल्या अ‍ॅनालिस्टला रोप लावणी सुचणार नाही. तुम्हाला सुचेल. हे तुमचं भांडवल समजा.

मशीन शॉपमध्ये गिऱ्हाईक सीपीके मागतं, म्हणजे मापं ठरलेल्या मर्यादांच्या आत किती आरामात बसतात त्याचा आकडा, बहुतेक ठिकाणी किमान १.३३. रिपोर्ट काढणं सोपं. मापं खरी आहेत का ते बघणं अवघड. बोअरच्या (भोकाच्या) मापांचा हिस्टोग्राम, म्हणजे कुठलं माप किती वेळा आलं त्याचा खांबांचा आलेख, काढल्यावर वरच्या मर्यादेला लागून खांबांची गर्दी आणि पलीकडं एकदम शून्य, कड्यावरून तुटल्यासारखं दिसलं, तर समजून जा की इन्स्पेक्टर बाहेर गेलेलं माप आत ओढून लिहितोय. तिथं सीपीके कितीही देखणा आला तरी विश्वास ठेवू नका.

राहिला प्रश्न काय शिकायचं. एक्सेल आणि पॉवर क्वेरी आधी, तेही पक्कं. मग बेसिक स्टॅटिस्टिक्स, पुस्तक कुठलंही चालेल. फौंड्री किंवा ऑटो पार्टच्या कारखान्यात क्वालिटीला जायचं असेल तर मिनिटॅब. त्याची थोड्या दिवसांची ट्रायल मिळते, तेवढ्यात हात बसतो. पैसे घालायचे नसतील तर ‘आर’ किंवा तसंच फुकट असलेलं जमोवी. एसपीएसएस हे स्टॅटिस्टिक्सचं आणखी एक सॉफ्टवेअर माझ्या बघण्यात एमबीएच्या प्रोजेक्टपुरतंच. रंगीत डॅशबोर्ड करायच्या पॉवर बीआयचं डेस्कटॉप फुकट आहे, पण ऑफिसात इतरांना रिपोर्ट शेअर करायचा म्हटला की लायसन्स लागतं, आणि लहान कारखान्यात गाडी तिथंच अडते. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा नंतर बघू.

कोर्सची फी भरायच्या आधी एक करा. तुम्ही म्हणताय काकांची तंबाखूची वखार आहे. त्यांच्याकडनं मागच्या दोन हंगामांच्या खरेदीच्या वह्या घ्या: तारीख, गाव, प्रत, वजन, भाव. एक्सेलमध्ये चढवा आणि कुठल्या आठवड्यात कुठल्या प्रतीला भाव किती हलला ते काढून काकांना दाखवा. इंटरव्ह्यूला आमच्याकडं कोण आलं तर मी सर्टिफिकेट नंतर बघतो, आधी असलंच काहीतरी उघडून दाखवायला सांगतो. क्लासवाल्यालाही तीच फाइल दाखवा आणि विचारा, ‘सर, याच्यापुढचं तुम्ही काय शिकवणार?’ उत्तर पटलं तर फी भरा.