जिवंत कोरल थेट काचेवर चिकटवता येतं का? फेविक्विक चालेल का?

तुम्हाला खाऱ्या पाण्याच्या टँकच्या मागच्या काचेवर ग्रीन स्टार पॉलिप या चटईसारख्या पसरणाऱ्या कोरलची (प्रवाळाची) हिरवी भिंत करायची आहे, आणि फेविक्विक पाण्याखाली टिकेल का, कोरलला बाधेल का, असं तुम्ही विचारलंय.

बाधत नाही. फेविक्विक काय किंवा सुपरग्लू काय, सगळं सायनोॲक्रिलेटच. ओलावा लागला की ते घट्ट होतं आणि एकदा घट्ट झालं की टँकला त्याचा त्रास नसतो. फक्त पातळ ग्लू घेऊ नका. पाण्यात शिरताच त्यावर पांढरी साय धरते आणि काचेला टेकेपर्यंत त्यात चिकटपणा उरत नाही. जेल घ्या.

टिकण्याचं मात्र वेगळं आहे. गुळगुळीत काच आणि चोवीस तास पाणी, यात या ग्लूची पकड हळूहळू सुटत जाते. त्याने दोनतीन आठवडे तुकडा धरून ठेवला की झालं, तोवर कोरल स्वतःच काच धरतं. म्हणून काचेवर पसरणारीच कोरल लावा: ग्रीन स्टार पॉलिप, झेनिया, झोआन्थस, पापुद्र्यासारखं पसरणारं माँटिपोरा. टॉर्च, हॅमर या कठीण प्रवाळांचा जड सांगाडा काचेवर टांगायच्या फंदात पडू नका. एखाद्या रात्री निखळतील, खालच्या कोरलवर पडतील आणि त्याला डंख मारत बसतील. त्यांना खडकच बरा.

काम पाणी बदलायच्या दिवशी काढा. पंप बंद करून पाणी जागेच्या खालपर्यंत उतरवा. काचेवरचं शेवाळ आणि कोरलाइन (दगडासारखं कडक जांभळं शेवाळ) ब्लेडने खरवडून काढा, नाहीतर ग्लू काचेला न लागता शेवाळाला लागतो. टँक ॲक्रिलिकचा असेल तर ब्लेड अजिबात नको. मग जागा कोरडी पुसा. स्टार पॉलिपची जांभळी चटई दगडावरून नाण्याएवढी सोलून घ्या, खालची बाजू टिशूने टिपा, जेलचे दोनतीन ठिपके द्या आणि मिनिटभर दाबून धरा. सगळी खालची बाजू ग्लूने माखू नका, काच धरायला मोकळं मांस उरलं पाहिजे. पाचसात मिनिटं हवेत राहिल्याने या कोरलचं काही बिघडत नाही. ओहोटीला उघडी पडणारी प्रवाळं याहून जास्त सोसतात. त्यानंतर पाणी हळू भरा, आणि पंपाचा झोत पहिले काही दिवस थेट त्यावर येऊ देऊ नका. पॉलिप (कोरलची फुलासारखी तोंडं) काही दिवस मिटलेले राहतील, घाबरू नका.

जागा निवडताना काचेच्या जोडापासून चांगलं चार बोटं लांब राहा. स्टार पॉलिप जोड बंद करणाऱ्या सिलिकॉनवर चढलं की काढताना ब्लेड सिलिकॉनलाच लागतं, आणि मग गळती. ओव्हरफ्लोच्या (टँकमधलं पाणी बाहेर जायच्या वाटेच्या) जाळीपासूनही लांब, कारण ही चटई जाळी बुजवते. पुढच्या काचेवर तर लावूच नका, साफ काय करणार?

एपॉक्सी पुटी (मळून लावायचा चिकट लगदा) काचेवर नीट बसत नाही, शिवाय ती ताजी असताना स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) फेसाने उतू जातो. ती खडकासाठी ठेवा.

झोआन्थस लावणार असाल तर हातमोजे आणि चष्मा घालूनच कापा. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, ते जखमेतून किंवा डोळ्यांतून जीवावर बेतू शकतं. झोआन्थस चिकटलेला दगड उकळून साफ करायचा विचारही नको, वाफेतून विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

भारतात राहत असाल तर आणखी एक गोष्ट. रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणला स्नॉर्केलिंग करताना एखादा तुकडा उचलून आणणं हा सरळ गुन्हा आहे. दुकानदार माँटिपोरा विकत असेल तर ते कुठून आलं आणि कागद काय आहेत, हे आधी विचारा, ग्लू नंतर.