कोल्हापुरात घडणारी थ्रिलर कादंबरी लिहायचीय, खऱ्या जागा आणि शिल्पांमधली चिन्हं कुठली वापरता येतील?

तुम्ही विचारलंय की रोम-पॅरिसमधल्या थ्रिलरमध्ये चर्च, पुतळे, जुनी चित्रं यांच्यावरच्या खुणा वाचत हिरो पुढं जातो तसं कोल्हापुरात खऱ्या जागा घेऊन जमेल का, की भुयारं आणि गुप्त संघटना सगळं मनानंच रचावं लागेल. मी कोल्हापूरचाच आहे, आणि माझं मत विचाराल तर भुयार अजिबात रचू नका. थ्रिलरला सगळ्यात जास्त काय लागतं, तर ठरलेली वेळ, ती चुकली की संपलं, आणि ती वेळ इथल्या देवळांच्या दगडातच आहे.

अंबाबाईचा किरणोत्सव घ्या. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि परत ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं, गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असं करत गाभाऱ्यात पोचतं, पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत किंवा छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. सगळं काही मिनिटांत उरकतं, ढग आले किंवा हवेत धूळ-बाष्प जास्त असलं की किरणं मधेच अडतात, शिवाय समोरच्या इमारतींचा अडथळा आहेच. आता या दोन तारखा वेगळ्या वाटतात पण २१ डिसेंबरपासून दोन्ही बाजूला मोजा, साधारण ४१ दिवस भरतात, कारण दोन्ही वेळी सूर्य विषुववृत्ताच्या जवळजवळ १७ अंश दक्षिणेला असतो आणि क्षितिजावर एकाच जागी मावळतो.

आणि इथून खिद्रापूरला चला. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठावर कोपेश्वराचं देऊळ आहे, शिलाहार राजांच्या काळातलं. पुढचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा, त्याच्या छताला मधोमध मोठं गोल मोकळं आकाश, खाली गोल शिळा आणि तिच्याभोवती १२ खांब. त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र त्या गोलाच्या वर येतो आणि ते बघायला लोक मुद्दाम जातात. हे का होतं तर पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, तेव्हा सूर्य साधारण १७ अंश दक्षिणेला म्हणजे चंद्र साधारण तेवढाच उत्तरेला, आणि खिद्रापूरचा अक्षांश आहे १६.७ च्या आसपास, म्हणून तो जवळपास डोक्यावर येतो. म्हणजे किरणोत्सव आणि हा चंद्र एकाच हिशोबाची दोन टोकं झाली! २०१९ ला त्रिपुरी पौर्णिमा १२ नोव्हेंबरला होती, म्हणजे ९, १०, ११ ला संध्याकाळी अंबाबाईला ऊन आणि लगेच दुसऱ्या रात्री खिद्रापूरला चांदणं. हा आकाशाचा हिशोब आहे, कुणाचा कट नाही, पण तुमच्या कादंबरीचे चार दिवस तिथंच तयार आहेत, मी लिहीत असतो तर २०१९ चंच साल धरलं असतं.

चिन्हांचं म्हणाल तर अंबाबाईच्या मूर्तीच्या हातात म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं फळ), गदा, ढाल आणि पानपात्र, डोक्यावर नाग, लिंग, योनी, हे वर्णन दुर्गासप्तशतीला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात श्लोकात आलेलं आहे, म्हणजे श्लोक आणि मूर्ती शेजारी ठेवून वाचता येतात. मूर्ती धामधुमीच्या काळात लपवून ठेवली होती आणि १७१५ मध्ये परत बसवली, हे प्रकरण तर स्वतःच थ्रिलर आहे. खिद्रापूरला देवळासमोर नंदी नाही, आणि गाभाऱ्यात दोन लिंगं, रागावलेला शंकर म्हणजे कोपेश्वर आणि त्याची समजूत काढणारा विष्णू म्हणजे धोपेश्वर. नंदी कुठाय विचारलं तर लोक नदीपलीकडचं कर्नाटकातलं यडूर सांगतात. हरवलेला नंदी यापेक्षा चांगला धागा कुठला मिळणार?

वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, विसरू नका. करवीर तालुक्यातल्या बीड गावात ते बघायला मिळतात. वीरगळ खालून वर वाचायचा, खाली लढाई, मग अप्सरा वीराला वर घेऊन जातात, मग शिवलिंगाची पूजा, सगळ्यात वर चंद्र-सूर्य, आणि खाली गाई असल्या तर गुरं वाचवताना गेला. तुमचा डिटेक्टिव्ह वरून खाली वाचत बसला तर चुकणारच.

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, पोसायडनचा छोटा ब्राँझ पुतळा. ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन काळातला, आणि सापडला पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर! समुद्र घाटाच्या पलीकडं, तरी तो इथं आला कारण सातवाहन काळात रोमशी व्यापार चालायचा. तुम्हाला रोम हवंच होतं ना, ते इथं काचेच्या पेटीत आहे.

पन्हाळ्याची अंधारबाव, म्हणजे गडावरची जुनी विहीर, लपाछपीच्या प्रसंगाला घ्या, खाली पाणी, वर माणसं राहायची सोय, बाहेरून कळत पण नाही. न्यू पॅलेसच्या दरबार हॉलमधल्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत, तेही चालतील.

एक विनंती मात्र मनापासून. मूर्तीबद्दल आणि विधींबद्दल खोटं काही घालू नका, लोकांची श्रद्धा आहे आणि वाचणारे इथलेच असणार, त्यांना लगेच कळतं. खून, चोरी जे काय असेल ते एखाद्या काल्पनिक वाड्यात घडवा. आणि लिहायच्या आधी खिद्रापूरला जाऊन या, नृसिंहवाडीवरून रस्ता आहे, पावसाळ्यात नको, कृष्णेला पाणी आलं की रस्ते बंद होतात.