फर्मागुडी की पुणे? एफडी मोडण्याआधी

प्रश्न : आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. मुलीला फर्मागुडीच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्सला जागा मिळतेय, पण तिला कॉम्प्युटरच हवंय. पुण्यातल्या खाजगी कॉलेजचा खर्च होस्टेल-मेससकट वर्षाला ३ लाख. मला निवृत्तीला ६ वर्षं आहेत, एफडी १२ लाखांची. मोडू का?

उत्तर : सगळी मोडू नका. ती तुमची म्हातारपणाची शिदोरी आहे, आणि शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला मिळत नाही.

आधी मुलीला जवळ बसवून विचारा, कॉलेजातून तिला नेमकं काय हवंय? कॉम्प्युटर विषयाचीच ओढ असेल तर तिचं म्हणणं मोलाचं आहे. चार दिवस बाहेर राहून स्वतःच्या पायावर उभं राहायचं असेल, तर तेही रास्त. पण त्यासाठी १२ लाख नकोत. आणि नोकरी हवी असेल, तर त्या कॉलेजच्या माहितीपत्रकातलं 'सरासरी पॅकेज' तपासा. दहा जणांपैकी एकाला ३० लाख आणि नऊ जणांना साडेतीन लाख मिळाले, तरी सरासरी ६.१५ लाख दिसते. म्हणून पगार चढत्या क्रमाने मांडले तर अगदी मधल्या विद्यार्थ्याला किती मिळाले ते विचारा, आणि त्या शाखेच्या किती मुलांना नोकरी लागली तेही. एनबीएची (तांत्रिक शिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता कॉलेजला नव्हे, शाखेला असते. ती कधी संपते ते पाहा. फर्मागुडीतही प्लेसमेंट विभागात जाऊन विचारा, कोणत्या सॉफ्टवेअर कंपन्या इलेक्ट्रॉनिक्सची मुलं घेतात. बऱ्याच घेतात.

एवढं करूनही पुणेच ठरलं, तर निम्मे पैसे एफडीतून आणि ६ लाख कर्ज, तेही मुलीच्या नावावर, तुम्ही सहकर्जदार. साडेसात लाखांच्या वर गेलात की बँक सहसा तारण मागते. दरवर्षी दीड लाख उचललेत आणि व्याज १० टक्के धरलं, तर शिक्षणाची ४ वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं : २ लाख १० हजार. ते मुद्दलात मिळून १० वर्षांचा हप्ता महिना सुमारे १०,७०० होतो. साडेतीन लाखांच्या नोकरीत हातात पंचवीसेक हजार येतात, त्यातून खोलीभाडंही जायचं! त्यापेक्षा व्याज महिन्याच्या महिन्याला भरा. पहिल्या वर्षी १,२५०, चौथ्या वर्षापासून ५,०००. मग हप्ता ७,९३० च्या आसपास राहतो.

बँकेत जाण्याआधी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाची चौकशी करा. मामलेदार कचेरीतून रहिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, प्रवेशाच्या दिवसांत तिथे रांग लागते.

माझं मत फर्मागुडीच्या बाजूचं आहे. मुलीला मात्र हे आकडे दाखवा, तिला ठरवू द्या. आणि पुण्यात जागा अडवायला पैसे भरलेत तर पावती घ्या. मूळ दाखले कॉलेजात ठेवू नका, ते अडकवून ठेवायला एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेची, मनाई आहे.