स्पॅनिअल कुत्र्याच्या केसांत सारखा गुंता होतो, घरी काय करावं?

आधी ब्रश, मग आंघोळ. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. गुंता भिजला की आवळतो आणि मग सुटता सुटत नाही.

रोज दहा मिनिटं पुरतात, पण केस थराथराने उचलून मुळापासून विंचरा. नुसता वरवर ब्रश फिरवला तर वरून रेशीम दिसतं आणि आत नमदा तयार होतो! शेवटी स्टीलचा कंगवा घाला. तो न अडकता गेला तरच काम झालं. कानामागे, काखेत आणि पायांच्या झालरीत गाठी हमखास सापडतात. गाठ मुळाशी चिमटीत धरून टोकाकडून सोडवा, म्हणजे कातडी ओढली जात नाही. कात्रीने कापायला जाऊ नका, गाठीबरोबर कातडी कधी वर येते ते कळतही नाही.

शाम्पू कुत्र्यांचाच वापरा. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, म्हणून आंघोळीनंतर ते नीट कोरडे करा. कानाला वास आला किंवा कुत्रा सारखी मान झटकू लागला, तर थेट पशुवैद्याकडे न्या. पंजाच्या गाद्यांमधले केस तेवढे कापा. उन्हाळा आला म्हणून पाठ मशीनने भादरू नका, नंतर येणारे केस अनेकदा लोकरीसारखे येतात.